आधी पाय, मग कान, शेवटी हात: आयरिश नाच-संगीताशी ओळख करून घेण्याची एक रीत

आयरिश संगीत समजून घ्यायचं असेल तर आधी खुर्चीवरून उठा. मी नेमकं उलटं केलं होतं. लहानपणी सांगलीत सात-आठ वर्षं तबला शिकलो होतो, त्यामुळे नोकरीसाठी आयर्लंडमधल्या लिमरिकला आल्यावर ‘ताल आपल्याला नवीन नाही’ अशा गुर्मीत सहा महिने हेडफोन लावून ऐकत बसलो. एका रीलमधून (रील हा तिथल्या नाच-सुरावटींचा एक प्रकार) दुसरी रील कधी सुरू झाली हेसुद्धा कळायचं नाही. मग ऑफिसातल्या एकाने शनिवारी रात्री चर्चच्या हॉलमधल्या केलीला ओढत नेलं. केली म्हणजे बँडच्या साथीवर सगळ्यांनी मिळून नाचायचा कार्यक्रम. तिथे दोन तास लोकांना धडका दिल्या आणि सहा महिन्यांत न कळलेली गोष्ट कळली: या सुरावटी नाचणाऱ्यांच्या मापाने बेतलेल्या आहेत. नाच काढून घेतला तर उरतं ते शिंप्याच्या दुकानात टांगलेल्या, कुणाच्याच अंगात न घातलेल्या सदऱ्यासारखं.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो पायांपासून सुरू होतो. तुम्ही आयर्लंडमध्ये असा, तिथे जाणार असा, नाहीतर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यूट्यूब लावून बसलेले असा, पहिल्या चार पायऱ्या कुठेही करता येतात.

पायरी पहिली: दादरा की केरवा?

आयरिश सुरावट ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: ठेका सहा मात्रांच्या दादऱ्याचा की आठ मात्रांच्या केरव्याचा? गाण्याचं नाव, वाद्यं, गाव, सगळं नंतर.

सुरावट लावा आणि मोठ्याने म्हणा: धा धी ना, धा ती ना. चपखल बसलं तर ती जिग. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन गट, चाल उड्या मारणारी. बसलं नाही तर म्हणा: धा गे ना ती, न क धी न. हे बसलं तर बहुधा रील, म्हणजे आठ मात्रांची, सपाट, धावती चाल. आज सर्वांत जास्त वाजतात त्या रील्सच.

केरव्यासारखंच वाटतंय पण चाल जरा लंगडते आहे, एक मात्रा लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, असं होत असेल तर ते हॉर्नपाइप. धा धी ना, धा धी ना, धा धी ना असे तीन गट झाल्यावरच वळण पुरं होतंय असं वाटलं तर ती स्लिप जिग, नऊ मात्रांची. हिच्यावर पातळ चामड्याचे मऊ बूट घालून नाचतात आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा प्रकार हाच. पोल्का म्हणजे दोन-दोन मात्रांची भरधाव चाल. कॉर्क आणि केरी या परगण्यांच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड (जिगचीच भरधाव बहीण) यांचं राज्य आहे. तिकडे डॉनिगॉलमध्ये, अगदी वायव्य टोकाला, माझुर्का (तीन-तीन मात्रांची चाल) आणि स्कॉटिश वळणाच्या चाली ऐकू येतात. परगणा बदलला की चाल बदलते, आपल्याकडे जशी कोकणातल्या आणि विदर्भातल्या भजनाची बदलते.

तबला शिकलेल्यांसाठी एक इशारा. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली असते, आपला हात तिथे आपोआप हलका होतो. जिगमध्ये चौथ्या मात्रेवर पाय जमिनीवर आपटतो. खाली विसरा. मला हे विसरायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला.

ही पायरी म्हणजे आठवडाभराचा गृहपाठ आहे. रोज दहा सुरावटी, प्रत्येकीचा फक्त प्रकार ओळखायचा. दहापैकी आठ बरोबर येऊ लागल्या की पुढे चला.

पायरी दुसरी: बत्तीस मोजायला शिका

एक दादरा किंवा एक केरवा म्हणजे एक आवर्तन धरा. बहुतेक आयरिश नाच-सुरावटींचा पहिला भाग आठ आवर्तनांचा असतो आणि तो दोनदा वाजतो. मग दुसरा भाग, तोही आठ आवर्तनांचा, तोही दोनदा. एकूण बत्तीस. पहिल्या भागाला स्थायी म्हणा, दुसऱ्याला अंतरा; चूक होणार नाही, कारण दुसरा भाग बऱ्याचदा वरच्या पट्टीत उघडतो, अगदी आपल्या अंतऱ्यासारखा. काही रील्समध्ये भाग दोनदा वाजत नाहीत आणि काही सुरावटींना तीन, चार, पाच भाग असतात. पण सुरुवातीला हा साचा पुरे.

मोजायची माझी युक्ती: बोटांची पेरं. जप करताना मोजतो तशी, अंगठ्याने. दोन बोटांची सहा पेरं आणि पुढची दोन, आठ झाली की वळण येणारच. चार-पाच दिवसांत पेरं लागत नाहीत, वळण आधीच जाणवतं. धून आठव्या आवर्तनात घरी परत येते आणि कान ते घर ओळखू लागतो. तबल्याच्या तालमीत समेची जी ओढ लागते तीच ही, फक्त सम सहा-आठ मात्रांनी येण्याऐवजी आठ आवर्तनांनी येते असं समजा.

सगळा नाच याच बत्तीसवर उभा आहे. चौथ्या पायरीत ते दिसेल.

मध्येच थोडं: कुठला नाच?

‘आयरिश डान्स’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: ताठ कमरेने, हात खाली सोडून, पाय मशीनगनसारखे चालवणाऱ्यांची रांग. हे चित्र ३० एप्रिल १९९४चं. डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन ही युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा होती आणि मधल्या वेळात साधारण सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ सादर झाला. संगीत बिल व्हेलन यांचं, नाचात पुढे जीन बटलर आणि मायकेल फ्लॅटली. दोघंही जन्माने अमेरिकन, ती न्यूयॉर्कची, तो शिकागोचा. पुढच्याच वर्षी त्याचा पूर्ण लांबीचा कार्यक्रम झाला आणि जगभर गेला.

प्रत्यक्षात चार वेगवेगळी घरं आहेत, आणि आपल्याला कुठल्या घरात जायचंय हे आधी ठरवलेलं बरं.

पहिलं घर स्टेप डान्सिंगचं. हे स्पर्धेचं. स्पर्धेला फेश म्हणतात. नियम १९३०मध्ये स्थापन झालेला आयरिश नृत्य आयोग आणि त्यानंतर निघालेल्या इतर संस्था ठरवतात. लहान वयात, शिक्षकाकडे, वर्षानुवर्षं. मुलींच्या डोक्यावर कुरळ्या केसांचे टोप असतात आणि पोशाखाचा खर्च ऐकला तर आपल्याकडचे अरंगेत्रम करणारे आईबाप स्वस्तात सुटतात असं वाटेल. तुमची मुलगी सात वर्षांची असेल तर इथे जा. तुम्ही पंचेचाळीसचे असाल तर प्रौढांचे वर्गही असतात, पण पोटऱ्यांची तयारी ठेवा.

दुसरं घर केलीचं. समोरासमोर रांगा, गोल, जोड्या. फार प्राचीन वाटतं, पण या नावाने झालेला पहिला मोठा सार्वजनिक कार्यक्रम १८९७चा, आणि तोही लंडनमध्ये! आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी १८९३मध्ये निघालेल्या गेलिक लीगने तो भरवला होता.

तिसरं घर सेट डान्सिंग: चार जोड्यांचा चौकोन. हे मुळात फ्रान्समधल्या क्वाड्रिल नावाच्या नाचावरून आलेलं. गेलिक लीगवाल्यांनी ते ‘परकं’ म्हणून नाकारलं. गावांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि क्लेअर, केरी, कॉनेमारा अशा प्रत्येक भागाने आपापला सेट जपला. आज गावचं सेट डान्सिंग केलीपेक्षा जास्त मातीतलं वाटतं. शुद्ध काय आणि भेसळ काय यावर वाद घालणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

चौथं शॅन-नोस, म्हणजे ‘जुन्या वळणाचं’. कॉनेमाऱ्याचं खास. एकट्याने, जमिनीलगत पाय ठेवून, हात मोकळे सोडून, मनाला येईल तसं. जागा किती लागते? एक दार काढून जमिनीवर टाकलं तर तेवढी पुरते, आणि पूर्वी खरोखरच दार काढून त्यावर नाचत.

नवख्याने केलीपासून सुरुवात करावी. चुकलं तरी आजूबाजूचे सात जण तुम्हाला ढकलून जागेवर आणतात.

पायरी तिसरी: ‘तीन’ आणि ‘सात’

केलीच्या नाचात मुळात दोनच पावलं आहेत. त्यांना तिथे ‘थ्रीज’ आणि ‘सेव्हन्स’ म्हणतात. बाकी बहुतेक सगळं या दोघांचं गणित.

‘तीन’ पुढे जाण्यासाठी. उजवा पाय पुढे, डावा त्याच्या मागे आणून टेकवा, उजवा परत पुढे. एक-दोन-तीन. चौथ्या ठोक्याला उजव्या पायावरच हलकंसं उचला, उडी नव्हे, नुसता श्वास घेतल्यासारखा उठाव. आता डाव्याने: डावा पुढे, उजवा मागे येऊन, डावा पुढे. एक ‘तीन’ म्हणजे रीलचं एक आवर्तन. टाच टेकवायची नाही. लावणीत किंवा लेझमीत आपण वजन खाली, जमिनीत सोडतो; इथे ते वर ठेवायचं. मराठी शरीराला हा बदल सगळ्यांत जड जातो. मांड्यांना सवय बसायची असते, इथे काम पोटऱ्यांचं आहे.

‘सात’ बाजूला सरकण्यासाठी. उजवीकडे जायचं तर उजवा पाय बाजूला (एक), डावा त्याच्या मागे (दोन), उजवा बाजूला (तीन), डावा मागे (चार), उजवा (पाच), डावा मागे (सहा), उजवा (सात), आणि आठव्या ठोक्याला थांबा. मागे येणारा पाय कायम मागेच राहतो. पुढून ओलांडला की पाय पायात अडकलाच. दोन आवर्तनं झाली. लगेच जागच्या जागी दोन ‘तीन’: डावा पाय मागे टाकून डावा-उजवा-डावा, मग उजवा मागे टाकून उजवा-डावा-उजवा. आणखी दोन आवर्तनं. आता वजन उजव्या पायावर आहे, म्हणजे डावा मोकळा आहे, म्हणजे डावीकडची ‘सात’ आपसूक सुरू करता येते. कुणी शोधलं माहीत नाही पण हिशेब चोख आहे.

डावं-उजवं गोंधळत असेल तर लाजू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरणारे नृत्यशिक्षक शिष्याच्या एका पायाला वाळलेलं गवत आणि दुसऱ्याला पेंढा बांधत आणि ‘गवत उचल, पेंढा उचल’ असं ओरडत, अशी आठवण सांगितली जाते. मी एका पायात लाल मोजा घातला होता.

सरावाची जागा नीट निवडा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये काँक्रीटवर फरशी असते; त्यावर रोज उड्या मारल्या तर नडगी आठवडाभरात दुखायला लागते. जाडजूड सतरंजी, तिच्यावर प्लायवूडचा फळा, असं करा. खालच्या मजल्यावरच्यांशी संबंधही टिकतात. बूट गुळगुळीत तळाचे हवेत. मी पहिल्या केलीला रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून गेलो होतो. लाकडी जमिनीवर वळताना बूट चिकटून राहिला आणि गुडघा तेवढा वळला. जुने चामडी तळाचे ऑफिसचे बूट उत्तम. नुसत्या मोज्यांवर अजिबात नको.

पायरी चौथी: एक पूर्ण नाच

नाव ‘वॉल्स ऑफ लिमरिक’. जवळपास प्रत्येक केलीत होतो, रीलवर होतो आणि चार जण जमले की घरीही करता येतो. जोडीसमोर जोडी, साधारण सहा-सात फुटांवर. जोडीतली बाई परंपरेने पुरुषाच्या उजवीकडे. आता कुणीही कुठेही उभं राहतं, म्हणून मी ‘डावा’ आणि ‘उजवी’ असंच म्हणतो. हॉलभर अशा जोड्यांच्या समोरासमोर रांगा असतात.

बँड सुरू झाला की लगेच निघू नका. पहिली आठ आवर्तनं उभं राहायची, ती तयारीची.

स्थायी, पहिल्यांदा: जोडीने आतले हात धरून दोन ‘तीन’ पुढे, दोन ‘तीन’ मागे. पुन्हा तेच. आठ आवर्तनं संपली.

स्थायी, दुसऱ्यांदा: दोघी ‘उजव्या’ जागा बदलतात. आपापल्या डावीकडे ‘सात’, एकमेकींकडे तोंड ठेवून, तिरप्या जाऊन समोरच्या जागेवर पोचायचं आणि तिथे दोन ‘तीन’. चार आवर्तनं. आता दोघे ‘डावे’ तसंच, पण उजवीकडे सरकून. चार आवर्तनं. दोन्ही जोड्यांची बाजू बदलली.

अंतरा, पहिल्यांदा: समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या उजव्या हातात. दोघं मिळून बाहेरच्या बाजूला, म्हणजे चौघांच्या मध्यापासून दूर, ‘सात’ आणि दोन ‘तीन’. मग तसंच परत.

अंतरा, दुसऱ्यांदा: आपल्या जोडीदाराचे दोन्ही हात धरून, ‘तीन’ची पावलं टाकत, समोरच्या जोडीभोवती गिरक्या घेत फेरी. आठवं आवर्तन संपताना या जोडीकडे पाठ आणि पुढच्या नव्या जोडीकडे तोंड.

धून पुन्हा सुरू होते आणि समोर नवीन माणसं असतात. बत्तीस आवर्तनांत नाचाची एक फेरी, बत्तीस आवर्तनांत सुरावटीची एक फेरी. आता पावलं मोजायची गरज नाही. अंतरा उघडला की हात पुढे करायचा हे कानच सांगतो. मी म्हटलं ना, हेडफोन लावून हे सहा महिन्यांत कळलं नव्हतं.

शेवटच्या गिरकीत आपल्या मुलींना फुगडी आठवते, हात तसेच फुलीसारखे धरलेले असतात. पण फुगडीत पायांची टोकं जुळवून, अंग मागे झोकून जागीच फिरतात. इथे तसं केलंत तर समोरची जोडी आडवी होईल. अंग सरळ, पावलं चालू, आणि जागा सोडत पुढे सरकायचं. रांगेच्या टोकाला पोचून समोर कुणी नसेल तर घाबरू नका: एक फेरी थांबा, तोंड फिरवा, ‘उजवी’ उजवीकडेच आहे ना पाहा, पुढच्या फेरीला कुणीतरी येतंच.

पायरी पाचवी: शिट्टी घ्या

पाय तयार झाल्यावर हातांचा विचार. सुरुवातीला टिन व्हिसल घ्या, डी पट्टीची. सहा भोकं, पत्र्याची नळी, तोंडाशी प्लास्टिकची चोच. बासरीसारखी फुंक साधायला महिने जात नाहीत, पहिल्या मिनिटाला आवाज निघतो. (घरच्यांना ही गोष्ट नंतर खटकते.)

सहाही भोकं बंद केली की डी. त्याला सा धरा आणि खालून एकेक भोक उघडत जा: बिलावल थाट मिळतो. जोरात फुंकलं की वरचं सप्तक. आता मूर्च्छना करून पाहा. तीच बोटं, तेच सूर, पण रे, म्हणजे ई, हा सा धरला की काफी थाट उभा राहतो. प, म्हणजे ए, हा सा धरला की खमाज. ध, म्हणजे बी, धरला की आसावरी. आयरिश सुरावटींचा फार मोठा भाग बिलावल, खमाज आणि काफी यांतच मावतो, म्हणून ही एक स्वस्तातली शिट्टी जवळपास सगळं वाजवू शकते. फक्त जी पट्टीतल्या सुरांसाठी कोमल नि लागतो. त्यासाठी वरचं भोक उघडं, त्याखालची दोन बंद आणि उरलेली उघडी, एवढंच.

पहिल्या दोन सुरावटी: ‘केश जिग’, जी पट्टीतली, आणि ‘मॉरिसन्स जिग’, ई सा धरून काफीच्या अंगाची. दुसरी वाजवताना काफीचा वास येतो पण मींड घ्यायचा मोह आवरा. इथले अलंकार वेगळे: ‘कट’ म्हणजे आपला कणस्वर, वरून क्षणभर टिचकी; ‘रोल’ म्हणजे एकाच सुराला वरून एक आणि खालून एक टिचकी देऊन फिरवणं. हे सजावटीपेक्षा तालाचं काम करतात, सूर तोडून ठोका दाखवतात.

स्वरलिपी हवी असेल तर इंटरनेटवर एबीसी नावाची लिपी सर्रास वापरतात. सुरांची अक्षरं सरळ ओळीत लिहायची, भातखंड्यांच्या पुस्तकावर वाढलेल्यांना तासाभरात वाचता येते. पण ती आठवणीपुरती. धून कानाने शिका: आधी गुणगुणता आली पाहिजे, मगच शिट्टीला हात. वेग अर्धा करून ऐकवणारी अ‍ॅप्स आहेत, ती वापरायला काहीच हरकत नाही.

बाउरॉन हे बकरीच्या कातड्याचं, हातात धरून लहानशा लाकडी काडीने वाजवायचं चौकटीचं वाद्य आपल्या हलगी-डफाच्या गोत्रातलं, आणि तबलजींना त्याचाच मोह पडतो. मलाही पडला. मैफलीत त्याला १९६०च्या दशकात संगीतकार शॉन ओ रीआडा यांनी मानाची जागा मिळवून दिली. तरी सांगतो, निदान तीसेक सुरावटी पाठ होईपर्यंत लोकांत वाजवू नका. तुकडे, तिहाया इथे कुणाला नको असतात. धून जिथे वळते तिथे वळणारा, आणि जिथे श्वास घेते तिथे गप्प बसणारा बाउरॉनवाला हवा असतो.

पायरी सहावी: सेशनमध्ये बसणं

सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यात गोल बसून वाजवणारी मंडळी. मंच नाही, माइक बहुधा नाही, तोंडं एकमेकांकडे. ते तुमच्यासाठी वाजवत नसतात हे एकदा समजलं की पुढचे सगळे नियम आपोआप सुचतात.

गोलातली खुर्ची रिकामी दिसली तरी बसू नका, ती कुणाची तरी असते. वाद्य आणलं असेल तर ते पेटीतच ठेवून बाहेरच्या कडेला बसा. दोन-तीन संच ऐकल्यावर कुणीतरी ‘वाजवता का?’ विचारेल. दोन किंवा तीन सुरावटी जोडून एक संच होतो, प्रत्येक सुरावट सहसा तीनदा. दुसरी कधी सुरू होणार हे वाजवणाऱ्याच्या भुवईवरून किंवा एका ‘हप्!’वरून कळतं. जो सुरू करतो, वेग त्याचा. धून येत नसेल तर ऐका. चाचपडत सूर शोधणं घरी. एक बाउरॉन आधीच चालू असेल तर दुसरा बाहेर काढायचा नाही. टाळ्यांनी ठेका धरू नका. आणि कुणी एकट्याने, साथीशिवाय गाणं सुरू केलं तर ग्लास खाली ठेवायचा, कुजबुजसुद्धा नाही. मी शनिवारी गजबजलेला पब दोन शब्दांत स्मशानासारखा शांत झालेला पाहिलाय. व्हिडिओ विचारूनच काढा.

दारू घेत नसाल तर चहा मागा, कुणी वर पाहणारही नाही. मुलं बरोबर असतील तर वेळ लक्षात ठेवा: १८ वर्षांखालच्यांना रात्री ९ नंतर, मे ते सप्टेंबरमध्ये १० नंतर, बारमध्ये थांबता येत नाही. म्हणून कुटुंबाने दुपारचं किंवा संध्याकाळचं सेशन शोधावं. डब्लिनमध्ये स्मिथफील्डच्या चौकातलं कॉबलस्टोन, आणि क्लेअर परगण्यात एनिस किंवा डूलिन, इथून सुरुवात करा.

पायरी सातवी: मग लोकप्रिय गाणी

हे शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. पायात रील बसल्यावर आयरिश रॉकमध्येही ती ऐकू येते.

क्रम असा धरा. आधी १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेला स्लायगोचा फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) मायकेल कोलमन. त्याच्या तबकड्या बोटीने घरी आल्या आणि गावातल्या पोरांनी त्या घासून घासून ऐकल्या. आज ‘अस्सल’ म्हणून वाजतं त्यातलं बरंच त्या तबकड्यांतून आलंय. त्याआधी शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी, मूळचे कॉर्कचे, १९०३मध्ये १,८५० सुरावटींचा संग्रह छापला होता. रिव्हरडान्सच्या त्या दोन अमेरिकनांवर नाक मुरडणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो.

मग केली बँड. १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, घरातले आणि चौकातले नाच आटले आणि लोक हॉलमध्ये गेले. हॉल भरायला मोठा आवाज हवा, म्हणून फिडल-फ्लूटच्या जोडीला पियानो आणि ड्रम. किल्फेनोरा आणि टुला हे क्लेअरचे दोन बँड एकापाठोपाठ ऐका. कुठल्या सूटमध्ये, कुठल्या हॉलमध्ये वाजवत असतील ते डोळ्यांपुढे येतं. याच हॉलमध्ये १९५०नंतर शोबँड आले, अमेरिकन गाणी वाजवणारे.

त्यानंतर १९६२मध्ये निघालेला चीफटन्स आणि सत्तरच्या दशकातले प्लॅंक्स्टी आणि बॉथी बँड. यांच्यात बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य ऐकू येईल, मूळची ग्रीक, साठच्या दशकात आयर्लंडला आली आणि आता घरचीच झाली, आपल्या हार्मोनियमसारखी. प्लॅंक्स्टीतले इलिन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, कोपराने भात्यातून हवा भरायचे, पहिल्यांदा ऐकाल तेव्हा सनईच्या जवळचे वाटतील. त्यांच्या वादनाला २०१७मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.

मग विजेची गिटार: हॉर्स्लिप्स, थिन लिझी. आणि १९८२मध्ये लंडनमध्ये जमलेले पोग्स, स्थलांतरितांच्या पोरांचा पंक. पहिल्यांदा गोंगाट वाटेल. उजव्या पायाने ‘तीन’ सुरू करून पाहा, बसतं.

प्रत्यक्ष जायचं असेल तर दोनच तारखा सांगतो. जुलैच्या सुरुवातीला क्लेअरमधल्या मिलटाउन मालबे या गावात १९७३पासून दरवर्षी आठवडाभराची उन्हाळी शाळा भरते: सकाळी वर्ग, दुपारी भाषणं, संध्याकाळी सेट डान्सिंग, रात्रभर सेशन. ऑगस्टमध्ये फ्ला, म्हणजे कोल्टस या आयरिश संगीताच्या संस्थेची मोठी स्पर्धा-जत्रा, १९५१मध्ये मलिंगरला सुरू झालेली, दर काही वर्षांनी नव्या गावात. पहिल्यांदाच जाणार असाल तर मिलटाउन. गाव लहान आहे, खोल्या महिनोन् महिने आधी संपतात. एनिसमध्ये राहून रोज ये-जा करता येते, पण मग रात्रीचं सेशन अर्ध्यावर सोडावं लागतं. वर्गासाठी शिट्टी, सेटसाठी चामडी तळाचे बूट, आणि जुलै असला तरी रेनकोट, एवढं पिशवीत टाका.